सेसिलिया मुन्योझ-पाल्मा: हरलेल्या मताचं पुढे काय झालं

विधीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "फिलिपाईन्सच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सेसिलिया मुन्योझ-पाल्मा यांच्याबद्दल वाचलं. त्यांचा मोठेपणा 'पहिली महिला' होण्यात आहे की आणखी कशात? हुकूमशाहीच्या काळात त्यांनी बहुमताविरुद्ध निकाल लिहिला, पण निकाल तर सरकारच्याच बाजूने लागला. मग त्या लिहिण्याचा उपयोग काय झाला?"

मी अनेक वर्षं वकिली करते आहे. घटनात्मक प्रकरणांत हरलेल्या बाजूने उभं राहायची वेळ माझ्यावर बरेचदा आली, त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग मला फार जवळचा वाटतो. उत्तर लांबेल, पण थोडक्यात सांगून हे कळण्यासारखं नाही.

आधी त्यांचा काळ आणि घर. जन्म 22 नोव्हेंबर 1913, बातांगास प्रांतातल्या बाउआन गावी. वडील पाब्लो मुन्योझ बातांगासमधून निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते. म्हणजे घर शिकलेलं आणि सार्वजनिक कामात वावरणारं. त्या काळात वकिलीत आलेल्या बहुतेक मुलींची पार्श्वभूमी अशीच होती, आपल्याकडेही. त्याने त्यांचं कर्तृत्व उणं होत नाही, पण ते मनात असू द्यावं. मनिलात शाळा झाली, मग फिलिपाईन्स विद्यापीठातून कायद्याची पदवी, आणि 1937 च्या बार परीक्षेत 92.6 टक्के गुण मिळवून पहिला क्रमांक.

या पहिल्या क्रमांकाचं वजन आपल्या लवकर लक्षात येत नाही. फिलिपाईन्समध्ये वकिलीची परीक्षा खुद्द सर्वोच्च न्यायालय घेतं, निकालाच्या दिवशी वरच्या क्रमांकांची नावं देशभर छापून येतात आणि ती ओळख माणसाला आयुष्यभर पुरते. स्त्रियांमध्ये हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. 1930 साली तेक्ला सान आंद्रेस यांनी तो मिळवला होता. त्याही आधी, 1910 च्या दशकात, नातिविदाद अल्मेदा-लोपेझ देशातल्या पहिल्या महिला वकील झाल्या, आणि पुढे पहिल्या महिला न्यायाधीश. 'पहिली' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, म्हणून हे सांगितलं. मुन्योझ-पाल्मा चालल्या ती वाट आधी कुणीतरी तुडवलेली होती.

मात्र 1937 हे साल पाहा. त्याच वर्षी 30 एप्रिलला तिथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, तोही एका विलक्षण अटीवर: निदान तीन लाख स्त्रियांनी स्वतः मतपेटीपर्यंत येऊन 'आम्हाला हक्क हवा' असं म्हटलं पाहिजे. 4,47,725 जणींनी तसं मत दिलं. ज्या वर्षी स्त्रियांना आपण नागरिक आहोत हे मोजून दाखवावं लागलं, त्याच वर्षी ही तेवीस वर्षांची मुलगी कायद्याच्या परीक्षेत देशात पहिली आली. सार्वमत म्हणजे काय, लोकांकडून मत कसं घेतलं म्हणजे ते खरं ठरतं, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या आयुष्यात दोनदा समोर आला. म्हणून हे साल मला महत्त्वाचं वाटतं.

युद्धानंतर, 1947 मध्ये, त्या क्वेझॉन सिटीच्या पहिल्या महिला सरकारी वकील झाल्या. 1954 मध्ये नेग्रोस ओरिएंटल प्रांतात जिल्हा न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्या पातळीच्या न्यायालयात बसलेल्या त्या देशातल्या पहिल्या महिला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदव्युत्तर पदवीही घेतली. पुढे लागुना आणि रिझाल प्रांतांत न्यायाधीश, 1968 मध्ये अपील न्यायालयात. तिथे त्या दुसऱ्या महिला. पहिल्या अर्थातच अल्मेदा-लोपेझ.

चरित्रं लिहिणारे हा चौदा वर्षांचा टप्पा दोन ओळींत उरकतात. मी मुळात जिल्हा न्यायालयातली, म्हणून मला तिथे थांबावंसं वाटतं. फिलिपाईन्समध्ये ज्यूरी नाही. साक्षीदार खरं बोलतोय की शिकवलेलं बोलतोय, हे एकट्या न्यायाधीशाला ठरवावं लागतं, आणि का ठरवलं ते लिहावंही लागतं. त्यात बातांगासची बोली तागालोग, नेग्रोस ओरिएंटलची सेबुआनो आणि कायद्याचं कामकाज इंग्रजीत. दुसऱ्या बेटावरून आलेल्या न्यायाधीशाला साक्ष दुभाष्याच्या तोंडून ऐकावी लागते आणि माणसाची भीती शब्दांपेक्षा चेहऱ्यावरून वाचावी लागते. घाबरलेल्या साक्षीदाराने दिलेला 'होय' आणि मोकळेपणाने दिलेला 'होय' यांत फरक असतो, हे खालच्या कोर्टात बसलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी जे लिहिलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. तशी कबुली त्यांनी दिली आहे असा माझा दावा नाही. वकील म्हणून केलेला हा माझा तर्क आहे.

आता मुख्य भाग. 21 सप्टेंबर 1972 च्या घोषणेने राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावला. संसद बंद, वर्तमानपत्रं बंद, विरोधी नेते तुरुंगात. त्यांत सिनेटर बेनिग्नो अकिनो आणि होसे दिओक्नो हेही होते. जानेवारी 1973 मध्ये नवं संविधान मंजूर झाल्याचं जाहीर करण्यात आलं. मंजुरी मिळवली होती गावोगावच्या नागरिक सभांमधून, अनेक ठिकाणी हात वर करून. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1973 मध्ये ते संविधान लागू मानायला हरकत नाही असं म्हटलं, आणि त्यानंतर सरन्यायाधीश रॉबेर्तो कॉन्सेप्सिऑन मुदतीआधीच पायउतार झाले. हे नाव लक्षात ठेवा.

अशा न्यायालयात 29 ऑक्टोबर 1973 रोजी मुन्योझ-पाल्मा यांची नेमणूक झाली. नेमणूक करणारे स्वतः मार्कोस. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओ'कॉनर 1981 मध्ये आल्या, आपल्याकडे न्यायमूर्ती फातिमा बीवी 1989 मध्ये. फिलिपाईन्स आपल्या सोळा वर्षं पुढे होता. पण हा मान एका हुकूमशहाच्या सहीने मिळाला होता. ही अडचण टाळून त्यांच्याबद्दल बोलता येत नाही, आणि टाळायची गरजही नाही.

कारण सुरुवातीला त्या बंडखोर नव्हत्या. सप्टेंबर 1974 मध्ये अटकेतल्या नेत्यांचे हेबियस कॉर्पसचे, म्हणजे अटक कायदेशीर आहे का ते तपासा असं सांगणारे, अर्ज न्यायालयाने फेटाळले. त्या निकालात मुन्योझ-पाल्माही फेटाळणाऱ्यांत होत्या. त्यांनी वेगळं मत लिहिलं, पण शेवट तोच. त्यांचे आजचे चाहते हा निकाल बाजूला ठेवतात. मला तो त्यांच्या कहाणीचा आवश्यक भाग वाटतो, कारण त्यामुळेच पुढच्या दोन वर्षांत काय बदललं ते दिसतं.

जानेवारी 1975 मध्ये दुसरं प्रकरण आलं. मार्कोसनी जनमताचा कौल घ्यायचं ठरवलं होतं आणि तुरुंगातून अकिनोंनी त्याला आव्हान दिलं. न्यायालयाने सरकारला अडवलं नाही. पण मुन्योझ-पाल्मा यांनी आपल्या स्वतंत्र मतात एक गोष्ट नोंदवून ठेवली: मार्शल लॉखाली घेतलेल्या कौलाला फार मोठा अर्थ देता येणार नाही, कारण तो भीतीच्या वातावरणात घेतला जातो. माणसाचं स्वातंत्र्य, मालमत्ता, बोलण्याचा आणि जमण्याचा हक्क, झडतीपासूनचं संरक्षण, फिरण्याची मुभा हे सगळं आवळलेलं असताना त्याने दिलेलं मत मोकळं कसं म्हणायचं? नकार अजून नव्हता, पण नकाराची पायाभरणी इथे झाली.

मग ऑक्टोबर 1976. पाब्लो सानिदाद आणि पाब्लितो सानिदाद या बापलेकांनी निवडणूक आयोगाविरुद्ध केलेला अर्ज. 1973 च्या संविधानात संक्रमणकाळासाठी एक हंगामी राष्ट्रीय सभा सांगितली होती. घटनादुरुस्ती सुचवायचा अधिकार त्या सभेचा. मार्कोसनी ती सभा कधी बोलावलीच नाही. उलट सप्टेंबर 1976 मध्ये स्वतःच वटहुकूम काढून घटनादुरुस्त्या सुचवल्या आणि 16 ऑक्टोबरला त्यांवर सार्वमत ठेवलं. दुरुस्त्यांचं सार असं, की त्या सभेच्या जागी दुसरी सभा येईल आणि ती आल्यावरही कायदे करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे राहील. मतदानाला चार दिवस उरले असताना, 12 ऑक्टोबरला, निकाल लागला. बहुमताचं म्हणणं साधारण असं: सभा अस्तित्वात नाही, कायदे राष्ट्राध्यक्षच करतात, तेव्हा दुरुस्तीही तेच सुचवू शकतात, आणि शेवटी निर्णय जनताच घेणार आहे.

'शेवटी जनताच ठरवणार आहे' हा युक्तिवाद ऐकायला फार गोड असतो. त्याच्याविरुद्ध बोलणारा वकील जनतेच्या विरुद्ध बोलतोय असं वाटतं. माझ्या मते घटनात्मक कायद्यातला हा सर्वांत अवघड युक्तिवाद आहे. मुन्योझ-पाल्मा यांनी त्याला सरळ उत्तर दिलं. जनता सार्वभौम आहे, मान्य. पण त्याच जनतेने संविधान लिहून स्वतःला बांधून घेतलं आहे आणि ते बदलायची रीतही त्यातच सांगितली आहे. ती रीत सोडून कुणी एक माणूस प्रश्न तयार करतो, तोच तारीख ठरवतो, तोच वटहुकूम काढतो आणि लोकांनी फक्त होय किंवा नाही म्हणायचं, तर तिथे जनता आपली सार्वभौम सत्ता वापरते आहे असं म्हणता येत नाही. शिवाय लोकांना विचार करायला पुरेसा वेळ आणि माहिती मिळालेली नाही, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढे योग्य रीतीने ठेवलाच गेलेला नाही. आणि मार्शल लॉ चालू असताना मतदान मोकळं होऊ शकत नाही, हे 1975 चं आपलं म्हणणं त्यांनी पुन्हा उद्धृत केलं. या वेळी त्याचा निष्कर्षही काढला: अर्ज मंजूर व्हायला हवेत. त्यांच्या बरोबर अर्ज मंजूर करावेत म्हणणारे एकच, न्यायमूर्ती क्लॉडिओ तीहँकी.

सार्वमत ठरल्या दिवशी झालं आणि दुरुस्त्या मंजूर झाल्याचं जाहीर झालं. तुझा प्रश्न इथला आहे: मग उपयोग काय?

त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं ते आठव. आणीबाणीत 28 एप्रिल 1976 रोजी एडीएम जबलपूर प्रकरणात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटलं की स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचा दरवाजा ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि 2017 मध्ये तो निकाल मोडीत काढणाऱ्या खंडपीठात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते. त्याच्या कितीतरी आधी, 1978 मध्ये, चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असं संविधानात लिहिलं. खन्नांचं म्हणणं आधी संसदेने उचललं, न्यायालयाने फार उशिरा. भारतात दुरुस्ती करणारे हात वेगळे होते. मुन्योझ-पाल्मा यांच्या बाबतीत हात त्यांचेच निघाले.

त्या 22 नोव्हेंबर 1978 रोजी, 65 व्या वाढदिवशी, निवृत्त झाल्या. 1973 च्या संविधानाने न्यायमूर्तींचं वय सत्तरवरून पासष्टवर आणलं होतं. 1980 मध्ये ते पुन्हा सत्तर झालं, पण तोवर त्या बाहेर पडल्या होत्या. योगायोगाने याच 1978 मध्ये सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या.

निवृत्तीनंतर गप्प बसायची मुभा असते आणि बहुतेक जण ती घेतात. बेनिग्नो अकिनो यांना 21 ऑगस्ट 1983 रोजी मनिलाच्या विमानतळावर गोळी घातली गेली. 1984 मध्ये मुन्योझ-पाल्मा वयाच्या सत्तरीत विरोधी उमेदवार म्हणून क्वेझॉन सिटीतून उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. ज्या सभागृहाच्या निर्मितीला त्यांनी 1976 मध्ये घटनाबाह्य म्हटलं होतं, त्याच बतासांग पंबान्सामध्ये, म्हणजे त्या दुरुस्त्यांनी आणलेल्या संसदेत. यात विसंगती आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. खटला हरल्यावर त्याच कोर्टात पुढचा अर्ज आपण करतोच ना? पुढच्या वर्षी, मार्कोसविरुद्ध सगळ्यांचा मिळून एकच उमेदवार असावा म्हणून झालेल्या समितीचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. भांडणाऱ्या पुढाऱ्यांना एका टेबलाशी बसवायचं ते काम होतं. फेब्रुवारी 1986 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, मार्कोस देश सोडून गेले आणि बेनिग्नो यांच्या पत्नी कोराझॉन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या.

2 जून 1986 रोजी नवं संविधान लिहिण्यासाठी आयोग बसला. सदस्यांनी अध्यक्ष म्हणून सेसिलिया मुन्योझ-पाल्मा यांना निवडलं. सदस्यांत होते तेच कॉन्सेप्सिऑन, ज्यांचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं. होते जेझुइट कायदेपंडित होआकिन बेर्नास, शेतकरी नेते हायमे तादेओ, गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर क्रिस्तीन तान, आणि मार्कोसच्या मंत्रिमंडळात बसलेले ब्लास ओप्लेसुद्धा. या सगळ्यांना चालवून 12 ऑक्टोबर 1986 रोजी मसुदा मंजूर झाला, 44 विरुद्ध 2. तारीख पाहिलीस? सानिदाद निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली. हा योगायोगच असणार, पण पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी वाचता वाचता थांबले होते. 2 फेब्रुवारी 1987 ला त्यावर सार्वमत झालं, या वेळी मार्शल लॉशिवाय, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त मतं बाजूने पडली.

आता त्या संविधानाचं सातवं प्रकरण, कलम 18 काढून वाच. मार्शल लॉ जास्तीत जास्त साठ दिवसांसाठी. अठ्ठेचाळीस तासांत राष्ट्राध्यक्षाने संसदेला अहवाल द्यायचा. संसद तो रद्द करू शकते आणि राष्ट्राध्यक्ष त्यावर मात करू शकत नाही. कुठलाही नागरिक सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यामागच्या कारणांची तपासणी मागू शकतो आणि न्यायालयाने तीस दिवसांत निकाल द्यायचा. मार्शल लॉने संविधान स्थगित होत नाही. नागरी न्यायालयं चालू असताना सामान्य नागरिकाचा खटला लष्करी न्यायालयाकडे देता येत नाही. यातलं प्रत्येक वाक्य सत्तरच्या दशकातल्या कुठल्या ना कुठल्या हरलेल्या अर्जाचं उत्तर आहे. आठव्या प्रकरणाच्या पहिल्याच कलमात कॉन्सेप्सिऑन यांच्या पुढाकाराने लिहिलं गेलं की सरकारच्या कुठल्याही शाखेने अधिकाराचा घोर गैरवापर केला का, हे तपासणं न्यायालयाचं कर्तव्यच आहे. 'हा राजकीय प्रश्न आहे' म्हणून हात झटकायची वाट त्याने अरुंद केली. आणि दुसऱ्या प्रकरणात, कलम 14 मध्ये, राष्ट्रउभारणीतली स्त्रियांची भूमिका आणि कायद्यापुढे स्त्री-पुरुषांची समानता आली.

हे सगळं एकट्या मुन्योझ-पाल्मा यांनी लिहिलं असं म्हणणं चूक होईल. आयोगातल्या कितीतरी जणांनी तुरुंगवास, बंदी किंवा अपमान सोसला होता. पण अध्यक्षाच्या खुर्चीवर अशी व्यक्ती होती, जिने तोच प्रश्न न्यायमूर्ती म्हणून सोडवायचा प्रयत्न केला होता आणि नेमका कुठला शब्द कमी पडला म्हणून आपण हरलो हे तिला ठाऊक होतं. मसुदा लिहिताना असा माणूस जवळ असणं म्हणजे काय, हे साधा करारनामा लिहिणाऱ्या वकिलालाही कळेल. 'भीतीच्या वातावरणात' एवढं म्हणून भागत नाही. किती दिवस, कोण तपासणार, किती दिवसांत, कुणाच्या अर्जावर, हे लिहावं लागतं.

न्यायालयही बदललं. तीहँकी एप्रिल 1986 मध्ये सरन्यायाधीश झाले. 22 मे 1987 च्या ओलागेर निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 1975 चा, लष्करी न्यायालयांना नागरिकांवर खटले चालवू देणारा निकाल मोडीत काढला.

कलम 18 ची खरी परीक्षा 2017 मध्ये झाली. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी 23 मे रोजी देशाच्या दक्षिणेतल्या मिंदानावमध्ये मार्शल लॉ लावला. नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 4 जुलैला, अर्ज आल्यापासून तीस दिवसांच्या आत, निकाल आला. तो सरकारच्या बाजूने लागला. हे मी मुद्दाम सांगते. कलम चांगलं लिहिलं म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागतो असं नाही. पण 1972 मध्ये अटकेतल्यांच्या अर्जांवर निकाल यायला सप्टेंबर 1974 उजाडलं होतं. इथे सरकारला काही आठवड्यांत न्यायालयापुढे पुरावा ठेवावा लागला, संसद चालू राहिली आणि नागरी न्यायालयंही चालू राहिली. भिन्नमत लिहिणाऱ्यांत तेव्हाच्या सरन्यायाधीश मारिया लुर्देस सेरेनो होत्या. 2012 मध्ये त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. पुढच्याच वर्षी, मे 2018 मध्ये, त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 विरुद्ध 6 मतांनी त्यांची नेमणूकच अवैध ठरवून त्यांना पदावरून दूर केलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग. 'पहिली महिला' होणं लहान गोष्ट नव्हती, पण 1973 ची ती नेमणूक हा त्यांच्या आयुष्यातला असा प्रसंग आहे ज्यात निर्णय दुसऱ्याचा होता. 1976 चा निर्णय त्यांचा होता. ज्याने खुर्ची दिली त्याच्याविरुद्ध, आधी स्वतः दिलेल्या मतापासून दूर जाऊन, सहकाऱ्यांपैकी एकच जण सोबत असताना घेतलेला. मी त्यांना मानते ते यासाठी.

मुन्योझ-पाल्मा 2 जानेवारी 2006 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी गेल्या. 1998 नंतर, पंचाऐंशीच्या घरात असताना, त्यांनी सरकारी धर्मादाय सोडतीच्या कार्यालयाचं अध्यक्षपदही सांभाळलं. त्या कामाबद्दल मला विशेष सांगण्यासारखं नाही.

अभ्यासासाठी एक सुचवते. त्यांची तीन मतं तारखेच्या क्रमाने वाच: सप्टेंबर 1974, जानेवारी 1975, ऑक्टोबर 1976. शेवटचं आधी वाचायचा मोह होईल, तो आवर. पहिल्यात त्या सरकारला जिथे सूट देतात ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेव, आणि तिसऱ्यात त्याच जागेचं काय झालं ते शोध. मग कलम 18 शेजारी ठेव. एक दुपार लागेल.